सोडायलाही जागा लागते

ट्रॉली दरीच्या मधोमध थांबली, तेव्हा धाकटीला आधी वाटलं की थोरलीनेच काहीतरी बघायला थांबवली असेल.

"वहिनी, तुम्ही थांबवायला सांगितलंत का?" तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरून विचारलं.

"मी कशाला सांगू? मी पाण्याची बाटली उघडत होते, ती सगळी अंगावर सांडली." पलीकडून खरखरीत आवाज आला. "तुझ्याकडे काय दिसतंय?"

धाकटीने कंट्रोल रूममधल्या पडद्याकडे पाहिलं. वाऱ्याचा वेग, दोराचा ताण, मोटारीचं तापमान, सगळे आकडे जागच्या जागी होते. एकही लाल नव्हता. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. त्यातले सेकंदही जागच्या जागी होते. म्हणजे पडदाच गोठला होता.

नवा रोपवे या डोंगरावरून त्या डोंगरावर जाणारा होता, आणि तो चालवणाऱ्या कंट्रोलरची ऑपरेटिंग सिस्टिम या दोघींच्या कंपनीने लिहिली होती. दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात वरखाली राहणाऱ्या, एकाच गाडीतून कामाला येणाऱ्या. खरं तर थोरलीने धाकटीला आधी ऑफिसात पाहिलं आणि मग दिरासाठी सुचवलं. "मुलगी कशी आहे?" असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा "कोड स्वच्छ लिहिते" एवढंच तिने सांगितलं होतं, आणि त्यावरून घरात आजही हसतात. धाकटीने लग्नानंतर तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली, ते ऑफिसातही तसंच राहिलं. कोडवरून भांडतानासुद्धा ही "तुम्ही" म्हणायची आणि ती "अगं".

भांडायच्या मात्र मनापासून. शेवटचं मोठं भांडण याच कंट्रोलरच्या मेमरीवरून झालं होतं.

मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात, त्यांना पानं म्हणतात. कुठलं पान वापरात आहे आणि कुठलं मोकळं, याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिमला सतत ठेवावा लागतो. तो कसा ठेवायचा, हा वाद. नव्या माणसाला समजावताना थोरली नाट्यगृहाचं उदाहरण द्यायची. तिचं म्हणणं, प्रत्येक खुर्चीवर एक दिवा लावा. माणूस बसला की दिवा पेटला, उठला की विझला. याला बिटमॅप म्हणतात. त्यात फसण्यासारखं काही नाही, पण चाळीस खुर्च्या ओळीने रिकाम्या हव्या असतील तर सगळे दिवे बघत जावं लागतं. धाकटी म्हणायची, एवढे दिवे कशाला बघायचे? सलग रिकाम्या पट्ट्याची एकच चिठ्ठी करा, इथपासून इथपर्यंत मोकळं. या चिठ्ठ्या झाडाच्या फांद्यांसारख्या क्रमाने लावून ठेवा. हवी ती जागा चार उड्यांत सापडते.

हा वाद जेवणाच्या टेबलापर्यंत आला. मग अबोला आला. दोघा भावांनी मध्ये पडायचं टाळलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ते झाड आणि ते दिवे घराबाहेर ठेवून येत जा. माझ्या घरात तोंडं फिरवून जेवायचं नाही." त्यानंतर एक दिवस धाकटीच्या झाडाच्या कोडखाली थोरलीने 'मंजूर' असं लिहून टाकलं. एकही प्रश्न न विचारता. धाकटीला वाटलं, जिंकले.

आणि आज ते झाड पहिल्यांदाच खऱ्या दोरावर चालत होतं. बाकीच्या ट्रॉल्यांत माणसांच्या वजनाची वाळूची पोती होती. एकीत मोजमापाची पेटी घेऊन थोरली बसली होती, कारण पेटी लावणं फक्त तिलाच जमत होतं.

रोपवेचा फोरमन दार ढकलून आत आला. त्याच्यामागे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, धापा टाकत.

"ब्रेक लागलेत," फोरमन म्हणाला. "तुमचा कंट्रोलर बोलायचा बंद झाला."

ब्रेकची व्यवस्था वेगळी होती. कंट्रोलरने तिला सारखं कळवत राहायचं, मी जागा आहे, मी जागा आहे. एकदा जरी हाक चुकली तरी ब्रेक दोर पकडणार. तसा त्याने पकडला होता. म्हणजे जे नीट चालायला हवं होतं ते चाललं होतं, आणि म्हणूनच ट्रॉली दरीवर लटकत होती.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"डिझेल इंजिन आहे ना. तयारच आहे. हळूहळू ओढून आणतो." फोरमनने भिंतीवरच्या लाल स्विचकडे बोट केलं. "फक्त तो पाडावा लागेल. कंट्रोलरची वीज तोडल्याशिवाय डिझेलचा क्लच बसत नाही. दोघांनी दोर दोन बाजूंना ओढायला नको म्हणून."

"मग पाडा की! वाट कसली बघताय?"

धाकटी उठली. स्विच खांद्याच्या उंचीवर होता. तिने हात वर केला आणि वॉकीटॉकी खरखरली.

"काय चाललंय तिकडे?"

"वीज तोडतोय वहिनी. डिझेलवर घेतोय तुम्हाला."

"हात लावू नकोस स्विचला!"

धाकटीचा हात तिथेच राहिला.

"आत्ता वीज गेली की मेमरी पुसली जाईल," थोरली म्हणाली. "काय झालं ते कधीच कळणार नाही. इतके महिने आपण हे टेबलावर चालवतोय, एकदाही असं अडकलं नाही. पुन्हा अडकेल ते लोक भरलेले असताना. आधी वायर लाव आणि मेमरी वाचून घे."

"वारा वाढतोय."

"मला सांगू नकोस वारा वाढतोय. मी वाऱ्यातच बसलेय."

साहेब पुढे झाले. त्यांनी वॉकीटॉकी घेतली नाही, धाकटीकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, "ऐकू नका त्यांचं. माणूस आधी. वाऱ्याने काहीतरी झालं असेल, नंतर बघू. पुढच्या आठवड्यात सुरक्षा खात्याची तपासणी आहे, आज उगाच काही वाढवून ठेवू नका."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माणूस आधी. आणि नेमकं तेव्हाच धाकटीच्या डोक्यात आलं, की स्विच पाडला तर कुणालाच काही कळणार नाही. झाड निर्दोष राहील. वारा होता, असं सगळे म्हणतील. हा विचार इतक्या सहज आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. आपला हात वर गेला तो वहिनींसाठी, की झाडासाठी? तिला खरंच सांगता आलं नसतं.

"किती थांबू शकतो?" तिने फोरमनला विचारलं.

खिडकीशेजारी वाऱ्याचा एक जुना गोल काटा होता. त्याचा कंट्रोलरशी काही संबंध नव्हता, छपरावरच्या पंख्यावर चालायचा. फोरमनने त्यावर बोट टेकवलं. काटा पिवळ्या पट्ट्यात नुकताच शिरला होता.

"तांबड्यात गेला तर मी ओढणार नाही. मग वारा पडेपर्यंत त्या तिथेच. आणि मध्ये टॉवर आहे, ट्रॉली झोके घेत असताना टॉवरवरून काढणं म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं. "पिवळ्याच्या अर्ध्यावर आला की मी सांगेन. मग तुमचं काहीही राहिलेलं असो, स्विच पडलाच पाहिजे."

"चालेल," धाकटी म्हणाली.

"कुणाला चालेल?" साहेब ओरडले.

धाकटीने पिशवीतून वायर काढली, कंट्रोलरचं झाकण उघडलं. इवलीशी पिन दोनदा चुकली, मग बसली. लॅपटॉपवर वाचन सुरू झालं आणि तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. ती वायर नळाच्या धारेसारखी नव्हती, थेंबाथेंबाने गळणारी होती. सगळी मेमरी यायला संध्याकाळ झाली असती.

"वहिनी, सगळं येणार नाही. कुठून वाचू?"

"सगळं कशाला? अडकलंय कोण ते बघ. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. मेमरीच्या हिशेबाला जे कुलूप असतं ना, ते कुणाकडे आहे?"

एका वेळी एकानेच हिशेबाला हात लावावा म्हणून ते कुलूप. धाकटीने त्याचा पत्ता शोधून तेवढा भाग वाचायला लावला. फोरमन काट्यासमोर उभा. साहेब फोनवर कुणाला तरी "नाही नाही, किरकोळ आहे" म्हणत बाहेर गेले.

"आलं," ती म्हणाली. "कुलूप मेमरी सोडणाऱ्या कोडकडे आहे."

"आणि त्यासाठी थांबलंय कोण?"

तिने खालची ओळ वाचली. परत वाचली. "तेच."

"तेच म्हणजे?"

"मेमरी सोडणारं कोडच. स्वतःच कुलूप घेऊन बसलंय आणि स्वतःच ते उघडायची वाट बघतंय."

थोरलीचा आवाज आता एकदम शांत झाला, कोड तपासायच्या बैठकीतला. "काय सोडत होतं ते?"

"एकच पान. वाऱ्याच्या नोंदींचं."

"त्याच्या अलीकडचं पान?"

"वापरात."

"पलीकडचं?"

"तेही वापरात."

धाकटीला कळलं. थोरलीने पुढचं बोलायच्या आधीच कळलं, आणि तरी ती बोलेपर्यंत ते खरं नाही असं धरून ती बसून राहिली.

"मग ते शेजारच्या कुठल्याच चिठ्ठीत जोडता आलं नसणार," थोरली म्हणाली. "दोन भरलेल्या खुर्च्यांमधली एकटी रिकामी खुर्ची. तिच्यासाठी नवी चिठ्ठी लागली असेल. चिठ्ठी कुठून येते तुझ्याकडे?"

"राखीव आहेत. सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवलेल्या..."

"किती उरल्यात बघ."

धाकटीने बघितलं. एकही उरली नव्हती.

राखीव चिठ्ठ्या संपल्या तर काय करायचं, तेही तिने लिहून ठेवलं होतं. एक मोकळं पान मागून घ्यायचं आणि त्यावर नव्या चिठ्ठ्या करायच्या. फक्त ते पान मागायचं होतं त्याच हिशेबाकडे, जो आत्ता कुलूप लावून बसला होता. मेमरी सोडायला मेमरी हवी होती, आणि ती देणारा तोच, अडकलेला. आत कितीतरी पानं मोकळी होती. मोकळी आहेत एवढं लिहायलाच जागा नव्हती.

"किती ठेवल्या होत्यास राखीव?" थोरलीने विचारलं.

"चाचण्यांमध्ये जास्तीत जास्त लागल्या त्याच्या चौपट."

"चाचण्यांमध्ये वारा होता?"

नव्हता. चाचण्या टेबलावर झाल्या होत्या, पंख्याखाली. इथे प्रत्येक झोताबरोबर सेन्सर नोंदींचा पाऊस पाडत होते. त्यातल्या काही नोंदी लगेच पुसल्या जायच्या, काही साठवायला थांबायच्या, आणि मेमरीची चाळण झाली होती. एक पान भरलेलं, एक मोकळं, एक भरलेलं, एक मोकळं.

"अर्ध्यावर येतोय," फोरमन म्हणाला.

"मला हे विचारायचं होतं तुला," थोरली म्हणत होती. वारा तिचे शब्द मधूनमधून खात होता. "सगळ्यात वाईट वेळी किती चिठ्ठ्या लागतील. चाचणीत किती लागल्या ते नाही, जास्तीत जास्त किती लागू शकतात. मंजूर लिहिताना मनात आलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"तू जेवताना माझ्याकडे बघत नव्हतीस. आई सतत दोघींच्या तोंडाकडे बघायच्या. म्हटलं, जाऊ दे. नाहीतरी हुशार आहे, बघितलं असेल तिने."

धाकटीला राग आला की लाज वाटली, की दोन्ही. एक प्रश्न. थोरलीने तो विचारला असता तर धाकटी चिडली असती, दोन दिवस फणफणली असती, आणि मग कागद घेऊन बसली असती. कागदावर ते दुपारच्या चहाआधी सुटलं असतं.

"बाई, बस," फोरमन म्हणाला.

"झाडाचा भाग येतोय अजून..."

"बस म्हटलं ना."

"किती आलंय?" वॉकीटॉकीतून.

"निम्मं."

"थोडं थांबा, फोरमनना सांग, अजून थोडं..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. आधी घरंगळल्याचा आवाज आला, मग धातूवर धातू आपटल्याचा, मग नुसती खरखर. खिडकीतून दिसणारी लांबवरची ट्रॉली एका बाजूला इतकी झुकली की तिचा तळ दिसला.

"वहिनी?"

खरखर.

"वहिनी! तू खाली बस! जमिनीवर बस आणि दांडी धर, ऐकतेयस का तू?"

तिने स्विच कधी पाडला हे तिला नंतर आठवलं नाही. लॅपटॉपवरचं वाचन मध्येच तुटलं होतं, पडद्यावरचे गोठलेले आकडे काळे झाले होते, आणि खालच्या खोलीत डिझेल इंजिन दोनदा खोकून सुरू झालं होतं. फोरमन एव्हाना लिव्हरपाशी पोचला होता. दोर थरथरला, मग कुरकुरत सरकायला लागला.

डिझेलवर ट्रॉली चालते म्हणजे चालते असं म्हणवत नाही. धाकटी खिडकीला कपाळ लावून उभी राहिली. ट्रॉली तेवढीच दिसत होती, तशीच झुलत होती, आणि वॉकीटॉकी तिच्या मुठीत घामाने निसटत होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सासूबाई. तिने न उचलण्याचा विचार केला आणि उचलला.

"अगं, थोरली फोन उचलत नाहीये. तिला सांग, तिच्या धाकट्याला ताप नाही आता, उगाच घोर लावून घेऊ नकोस म्हणावं."

"सांगते आई."

"आहे कुठे ती?"

"कामात आहे."

"आणि तुझा आवाज असा का येतोय?"

"इथे वारा आहे खूप," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं बोलली नव्हती, एवढाच त्यात दिलासा.

ट्रॉली टॉवरच्या जवळ आली तेव्हा फोरमनने दोर थांबवला.

"का थांबवलं?"

"बोलू नका." तो ट्रॉलीकडे डोळे लावून बसला होता. ट्रॉली टॉवरच्या बाजूला यायची, लांब जायची, परत यायची. खांबाला आपटली असती तर काय झालं असतं, हे त्याला विचारायची गरज नव्हती. काटा तांबड्याच्या कडेला टेकला होता आणि तिथे थरथरत होता. साहेब परत आत आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातातल्या फोनवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

ट्रॉली लांब गेली, परत यायला लागली, आणि मध्येच वारा जरा दमल्यासारखा झाला. फोरमनने लिव्हर ओढला. दोराला धक्का बसला. ट्रॉली टॉवरच्या चाकांवर चढली, तिची एक बाजू लोखंडी पट्टीला घासली आणि खोलीतल्या सगळ्यांच्या दातांत कळ यावी असा आवाज दरीभर झाला. मग ती अलीकडे उतरली.

वॉकीटॉकी बोलली.

"आहे मी. हे यंत्र सीटखाली गेलं होतं, हात पुरत नव्हता. मोजमापाची पेटी डोक्यात बसली. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," धाकटी म्हणाली. मग ती खिडकीखाली जमिनीवर बसली.

ट्रॉली फलाटाला लागली तेव्हा थोरलीला दोघांनी धरून उतरवलं. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ, केस विस्कटलेले, ओढणी कुठेतरी दरीत गेलेली. फलाटाच्या पायरीवर बसून तिने घटाघट पाणी प्यायलं, अर्धं ओकून टाकलं, तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"दाखव."

धाकटीने लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

साहेब दोघींसमोर उभे राहिले. त्यांनी आधी थोरलीची चौकशी केली, मनापासून केली, डॉक्टरकडे गाडी पाठवतो म्हणाले. मग घसा साफ केला. "अहवालात वाऱ्यामुळे असं लिहू या. खोटं तर नाही ना ते?"

"वाऱ्यामुळे उघडकीला आलं," धाकटी म्हणाली. "झालं माझ्यामुळे."

"तुमच्याकडे निम्मीच मेमरी आहे. निम्म्यावरून एवढं खात्रीने कसं म्हणता?"

"माझी चूक त्या निम्म्यात पूर्ण आहे, साहेब."

"आणि मंजूर मी लिहिलंय," थोरली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "तेही अहवालात येऊ द्या."

साहेबांनी दोघींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथे थकवा आला होता. "बरं. मग तुमचा तो बिटमॅप बसवू. तो तयार आहे म्हणाला होतात. तपासणीपर्यंत होईल?"

धाकटीने मान खाली घातली. हे येणार, हे तिला माहीत होतं.

"नको," थोरली म्हणाली.

"नको म्हणजे?"

"अहो, मेमरीची ही अशी चाळण झालेली. यात सलग जागा मागितली असती तर माझा बिटमॅप एकेक दिवा बघत बसला असता, तेवढ्यात हाक चुकली असती आणि ब्रेक लागले असते. मी तिथेच लटकले असते. फरक इतकाच, की वाईट मला वाटलं असतं, हिला नाही."

"मग करायचं काय?" साहेब म्हणाले.

"चिठ्ठी मोकळ्या पानातच लिहू," धाकटी एकदम म्हणाली. खिडकीखाली बसल्यापासून ते तिच्या डोक्यात फिरत होतं. "जे पान सोडलं, त्याच्याच आत. ते मोकळंच आहे. वेगळी जागा लागणारच नाही."

"आणि कुणी चुकून त्या मोकळ्या पानावर लिहिलं तर? सेन्सर चालवणारा एखादा प्रोग्रॅम घसरला की तुझं सगळं झाड मोडलं. दोरावर माणसं आहेत बाई, पोती नाहीत!"

"मग तुम्ही सांगा!"

"सगळ्यात वाईट म्हणजे काय? एक भरलेलं, एक मोकळं. त्याहून वाईट होऊच शकत नाही. म्हणजे चिठ्ठ्या किती?"

"निम्म्या. पानांच्या निम्म्या."

"मग तेवढ्या पहिल्यापासून बांधून ठेव. नव्या मागायचा रस्ताच ठेवू नकोस. काढून टाक ते कोड!"

"जागा खातील त्या!"

"किती खातील? मोज ना! मोजायच्या आधी ओरडतेस कशाला?"

"ओरडताय तुम्ही!"

फोरमन हात पुसत फलाटावर आला आणि तिथेच थबकला. "आत्ता कुठे वाचल्या," तो साहेबांना म्हणाला, "आणि भांडायला लागल्या?"

साहेबांनी त्याला हाताने गप्प केलं. ते पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते.

हिशेब केला तेव्हा जागा फारशी जात नव्हती. एरवी नोंदी साठवायला जी मेमरी उगाच सैल ठेवली होती, तिच्यातच ते सगळं बसलं.

अहवाल खरा गेला. तपासणी पुढे ढकलली गेली, आणि रोपवेवाल्यांनी अट घातली की वाऱ्याचा पूर्ण मोसम नुसत्या पोत्यांवर चालवून दाखवा. कंपनीचा तो हंगाम बुडाला. साहेब धाकटीशी कामापुरतं बोलायचे आणि तेही तिसऱ्याच कुणाकडे बघत. मोसमभर रोपवे वाऱ्यात झुलत राहिला. चिठ्ठ्या कमी व्हायच्या, कधी फारच कमी व्हायच्या, पण एकदाही संपल्या नाहीत. संपूच शकत नव्हत्या, आकडेमोड तसं सांगत होती. तरी धाकटी वाऱ्याच्या दिवशी पडद्यासमोरून उठायची नाही.

रोपवे लोकांसाठी सुरू झाला त्याच सुमाराला साहेबांनी धाकटीच्या हाताखालची टीम काढून थोरलीला दिली. थोरलीने नको म्हटलं नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर "ठीक आहे" म्हणाली आणि धाकटीचं काम लिहून घ्यायला लागली.

संध्याकाळी दोघी गाडीतून घरी आल्या. धाकटी खालच्या मजल्यावर आपल्या दाराशी क्षणभर थांबली, मग चप्पल न काढताच वर गेली आणि थोरलीचं दार वाजवलं.

थोरलीने उघडलं. आत पोरांचा गोंधळ होता, टीव्ही चालू होता, सासूबाई पलंगावर बसून कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

"मला राग आलाय," धाकटी म्हणाली.

"येणारच."

"तुमचा आलाय. तुम्ही एकदा तरी नको म्हणायला हवं होतं."

"का म्हणू? मला हवं होतं ते काम." थोरलीने मागे वळून आतल्यांकडे पाहिलं, मग दार सताड उघडलं. "ये आत. पाणी घेतेस का? आणि मग बोल सगळं. सावकाश बोल, काही ठेवू नकोस."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय झालं गं?"

"भांडतोय, आई," थोरली म्हणाली आणि धाकटीसाठी खुर्ची ओढली.